न खाल्लेलं मीठ

ओहोटी लागली की मेंढ्या उतरतात खडकांवर.
नॉर्थ रोनाल्डसेला घड्याळ नावापुरतं,
समुद्री शेवाळ उघडं पडलं की दिवस सुरू,
मग रात्रीचे अडीच का असेनात.

बेटाला गडगा आहे, छातीएवढा,
नुसता दगडावर दगड, देवगडला आमच्या कलमांना असतो तसा.
फक्त इथे आत गवत
आणि गुरं बाहेर, समुद्राच्या अंगाला.

वसंतात गाभण मेंढ्या आत घेतात.
मॅन्सी एकेकीला गुडघ्यांत दाबून धरतो,
मी लोकरीत बोटं घालून मानेची शीर शोधते.
नळी बर्फात. चार दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने.

किनाऱ्यावरच्या रक्तात रेनिन जेमतेम,
मूत्रपिंड जणू जेवून आडवं झालंय.
गोड्या गवतावर आले की आकडे चढतात.
कुठल्याशा केसाएवढ्या नळीच्या वळणावर
मूठभर पेशी बसलेल्या,
किती क्लोराइड गेलं वाहून, मोजत.
कमी भरलं की हाक जाते:
धरा, निसटू देऊ नका.

खाल्ल्या मिठाला जागावं, असं ऐकत वाढले.
हे तर न खाल्ल्या मिठाला जागतं.

एक्केचाळीस नंबरने मात्र खाणं सोडलं.
पोटात जुळी, डोळे भिंतीला लागलेले,
श्वासाला उतरलेल्या सफरचंदाचा वास.
रक्त आंबट. पीएच सात पूर्णांक एक.
मी सलाइन लावलं, सोडा दिला,
मॅन्सी काही न बोलता गडग्यापलीकडे गेला
आणि कवेत मावेल तेवढं ओलं शेवाळ घेऊन आला.
तिने हुंगलं. एक टोक चाटलं.
त्याचा काही उपयोग झाला असं मी म्हणणार नाही.

आकडे महिन्याने आले, एडिनबराहून.
तिचं रेनिन आलेखाच्या वरच्या रेघेबाहेर.
आंबटामुळे, की आटलेल्या पाण्यामुळे,
की दोन्ही एकदम?
वहीत प्रश्नचिन्ह आहे, अजून.
तिचं वाचलेलं एक कोकरू एव्हाना खडकांवर होतं.

रात्री फोनवर बाबा विचारतात,
अर्धा पापड चालेल का?
त्यांची साडेआठची गोळी हीच हाक अडवते, मधल्या वाटेवर.
नाही, म्हणते मी,
आणि वाऱ्याने खारावलेले ओठ
बोलता बोलता चाटते.