व्यवसायाचा रकाना

माझ्या पिग्मीच्या वहीत
त्या गल्लीत एकेचाळीस बायका शिवणकाम करतात.
मशीन एकच. रामदेईच्या दाराशी,
चाक गंजलेलं, वर कांद्यांची टोपली.

मीच लिहिलंय ते, एकेचाळीस वेळा,
ठसठशीत अक्षरात.
पतपेढीला रकाना रिकामा चालत नाही
आणि खरा भरलेला वाचवत नाही.

दुपारी तीनला जाते.
तेव्हा उन्हात केस वाळत असतात,
कुणी वाटाणे सोलतं, कुणाचं पोर पाढे घोकतं.
दहा, वीस, कधी पन्नास.
मी मोजते, सही घेते, अंगठा घेते.
चहा मात्र, "आत्ताच झाला."
सात वर्षं माझा चहा
आत्ताच झालेला आहे.

काल मंडळाच्या सभागृहात परिसंवाद होता:
या धंद्याला कायद्याची मान्यता द्यावी का.
लष्करात असं धुकं, की बाड्यावरचं घड्याळ दिसेना.
आत खुंट्यांवर ओळीनं माकडटोप्या.
हिवाळ्यात ग्वाल्हेरला
चेहरा झाकायला कारण लागत नाही.
कधी वसुली राहिली की संध्याकाळीही जाते मी गल्लीत;
तिथे नुसते डोळे दिसतात,
आणि ते मला ओळखत नाहीत.

घारपुरे वकील म्हणाले, द्यावी.
परवाना, तपासणी, कर.
'कर' म्हणताना त्यांचा घसा एकदम मोकळा झाला.
आमचे अध्यक्ष म्हणाले, छे,
मग आपल्या मुलींना काय सांगायचं?
उद्धार व्हावा, पुनर्वसन व्हावं,
शक्यतो शहराबाहेर.
टाळ्या दोघांना सारख्याच.
मग आभार: नव्या खुर्च्यांसाठी
बिनव्याजी रक्कम देणाऱ्या आपल्या पतपेढीचे.
मी बसले होते त्या खुर्चीचा
एखादा पाय तरी शकीलाच्या विसा-विसांचा असणार.
मी जरा सावरून बसले.

मी विचारलं होतं गल्लीत. सहज, पावती फाडताना.
रामदेई म्हणाली, परवाना म्हणजे फोटो,
फोटो म्हणजे ठाणं.
आज हवालदार शंभर घेतो,
उद्या शिक्का मारून पाचशे घेईल.
शकीला म्हणाली, येऊ दे की कायदा.
कुणी मारलं तर निदान लिहून तरी घेतील कुठे.
दोघींचं वाजलं त्यावरून, चांगलं अर्धा तास.
तिसरी वाटाणे सोलता सोलता म्हणाली,
आपलं शिवणकामच बरं बाई,
इज्जतीचं काम आहे.
सगळ्या हसल्या. मीही हसले,
मग शेवटी एकटीच हसत राहिले की काय असं वाटलं.

गेल्या आठवड्यात बिट्टननं खातं उघडलं.
वय चौतीस. वारस: मुलगी, इयत्ता सहावी.
व्यवसायापाशी हात सवयीनं चालला,
तोच तिनं पेन धरलं.
"भाभी, जे करते ते लिहा.
मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही.
उद्या पोरगी वाचेल,
शिवून दाखव म्हणेल."

मी म्हटलं, रकाना लहान आहे गं.

तिच्या कामाचा शब्द दोन अक्षरांचा आहे.
शिवणकामाला पाच लागतात.

रात्री दौलतगंजाकडून
गजक कुटल्याचे ठोके येतायत,
लाकडावर लाकूड, न थकता.
फॉर्म समोर आहे.
रकान्यात माझं एकच अक्षर राहिलंय: शि.
ऱ्हस्व आहे म्हणून बरं,
नाहीतर सभागृहातल्या कुणीही
ते मोठ्यानं वाचलं असतं.

उद्या तीनला जायचं आहे.
बिट्टन विचारेल, लिहिलंत का.
आणि चहा घेणार का, तेही.