बारा व्होल्ट

मोंगूत आज रात्रीही वीज नाही.
नामुकोलोनं राउटर आणलाय चितेंगे कापडात गुंडाळून,
आजारी पिल्लू आणावं तसा.
सिताली आधी त्याचा वास घेतो:
जळला नाहीये.

तिच्या दिरानं परवा पॅनेलची वायर
थेट राउटरात खुपसली होती, त्याच्या स्वतःच्या.
पॅनेलवर छापलेलं बारा,
भर दुपारी मीटरनं दाखवले एकवीस.
छापलेलं आणि असलेलं, सिताली म्हणतो,
त्या फटीत तर माझं दुकान आहे.

अडॅप्टरची पाठ मेणबत्तीपुढे धरून
तो मुंगीएवढी अक्षरं वाचतो:
एक अँपिअर. मधला ठिपका धन, भोवतीचं कडं ऋण.
बॅटरी मोटरसायकलची; भरली की चौदावर उतू जाते,
म्हणून मध्ये काडेपेटीएवढा कन्व्हर्टर,
आणि धन टोकापासून वीतभरावर फ्यूज.

हा कशाला?

घरातला एखादा असतो ना,
सगळ्यांच्या आधी स्वतः जळतो, बाकीचे वाचतात.

ती कापडाची घडी घालू लागते.
मग त्याला आठवतं
तिचा भाऊ. कितवेची खाण.

तो स्क्रू फिरवत राहतो, गरजेपेक्षा हळू.
बारा पूर्णांक चार. बारा पूर्णांक एक.
बारा.
बॅटरी खाटेखाली ठेवू नकोस, खिडकीपाशी ठेव,
एवढंच म्हणतो.

पहिला दिवा लागतो, दुसरा लागतो.
तिसरा नारिंगी होऊन अडून बसतो.
दोघं त्याच्याकडे बघत राहतात,
बाहेर कुणाचा तरी जनरेटर खोकतोय.

हिरवा.

नामुकोलो पैशांऐवजी सुक्या माशांची पुडी पुढे करते.
ती मात्र तो मोजून घेत नाही.