चौथ्या भागानंतर

रामबागेतली शाळा, शनिवारचा शेवटचा तास.
आम्ही साळूला पत्रं लिहितोय.

साळू म्हणजे साळिंदर. छत्र्या दुरुस्त करतो.
चौथ्या भागाच्या शेवटी दुकानाला कुलूप,
आणि पाचवा भाग
वाचनालयातून कुणी नेला तो नेलाच.

फळ्यावर माझा प्रश्न: साळू का गेला असेल? पाच ओळी.

मृण्मयी किबेनं ओळींऐवजी नकाशाच काढला,
साळूच्या गावाहून थेट आमच्या गल्लीत येणारी वाट,
मधे खान नदी, पूल नाही.
"पूल पाचव्या भागात असेल ना, बाई."

विराज झोकरकर: साळू बोर झाला.
चार ओळी राहिल्या म्हटलं,
तर म्हणे, मीपण झालो.

पुष्कर मोठ्यानं कधी वाचत नाही.
त्याच्या वहीत:
"साळू, तू काय करून राहिला तिकडे?
बाबांची छत्री दारामागे तशीच आहे.
काडी एकच तुटली आहे."

'करून राहिला' असं लिहीत नाहीत,
हे मी दरवर्षी शिकवते.
लाल पेनाला टोपण लावलं.

पत्ता नव्हता, तेवढा विचारला.
"पाचवा भाग मिळाला की टाकतो," म्हणाला,
आणि खाली थोडी जागा सोडली.