नवीन शब्द : एक

सोहारमध्ये रात्री अकराला
एसीखाली डबा सरकवते, फरशी वाचावी म्हणून,
आणि लॅपटॉप उघडते.
तिथे मी तहसीन परकार नाही.
अनुवादक ४४१७. मराठी–अरबी. चार पूर्णांक सात तारे.
उरलेले तीन दशांश एका भाडेकरारात गेले :
‘पागडी’चं मी डोक्याला बांधायचं मुंडासं केलं होतं.

शब्दाला आठ बैसा.
इथे पैशाचा बैसा होतो; अरबीत प नाही.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं
कुणीतरी बसायला सांगतंय.
आठातले दीड साइटवाले घेतात.
राहिलेल्यावर मी बसते.

ग्राहक के-२०९. जन्माचा दाखला.
चिपळूण नगरपरिषद.
राहवलं नाही, लिहिलं : ‘मी गोवळकोटची.’
साइटने गावावर फुल्या मारल्या.
ओळख सांगणं नियमात बसत नाही.

मग चिपळूण लिहायला घेतलं.
अरबीत च नाही, प नाही, ळ नाही,
ण तर विचारूच नका.
तशिबलून झालं.
पूर ओसरल्यावर दुकानाची पाटी दिसते
तसं दिसलं.

आईचं नाव होतं, बापाचं होतं. लिंग : स्त्री.
बाळाच्या नावापुढे कोरा चौकोन.
कोऱ्याचे पैसे नसतात,
पण कोरं सोडताही येत नाही; खिडकीतला साहेब विचारतो,
तुमच्याकडून राहिलं, की मुळातच नव्हतं?
मीही विचारलं.
उत्तर तीनला आलं, बंदरावरची पाळी सुटल्यावर असावं :
‘बारसं मी गेल्यावर करायचंय.
घरात चैत्राली म्हणतात. तेच टाका ना.’

मुळात नाही ते आपल्या पदरचं घालायचं नाही,
एवढा एकच धर्म या धंद्याला.
‘नोंद नाही’ लिहिलं.
दोन शब्द, सोळा बैसा.
त्या रात्रीच्या हिशेबात तेवढेच टोचले.

पाच आठवड्यांनी के-२०९ परत.
तोच दाखला, नवा शिक्का.
यंत्राने आधीच चाळून ठेवलेला :
जुने शब्द एकशे अठरा, त्यांचे पैसे नाहीत.
नवीन शब्द : एक.
काम घेणार? हो / नाही.

आठ बैशांत इथे चहाचा घोटही येत नाही.
हो दाबलं.
‘नोंद नाही’ खोडलं.
च तर नव्हताच. त ला बोलावलं, श ला बोलावलं,
म्हटलं, बैसा,
जरा सरकून, एकमेकांना लागून.
बसले.

मोठ्याने म्हणून पाहिलं.
सुरुवातीला अडखळत होतं,
पण हाक म्हणून चाललं असतं.
आतून नवऱ्याने झोपेत विचारलं,
कोण गं आलंय?