तिसरं पेडल

पहिलाच बोल्ट सैल झाला आणि नमनाला घडाभर तेल:
लालभडक, जळकट वासाचं,
गॅरेजच्या काँक्रीटवरून दाराकडे निघालं
जणू त्याचंही गावात काही काम होतं.
मांजरीच्या वाळूची अख्खी पिशवी मी त्यावर ओतली.

सत्त्याण्णव सालची पाथफाइंडर. दोन लाख चाळीस हजार मैल.
चढावर तिचा ऑटोमॅटिक गिअर विचार करत थांबायचा,
बाबा थांबतात तसा,
वाक्याच्या मध्येच, तोंड उघडं ठेवून.
नवा घालायचा तर तीन हजार डॉलर.
कोर डलेनच्या भंगारवाल्याकडे हाताने टाकायचा गिअरबॉक्स
चारशेला मिळाला,
वर पेडलं, क्लचची नळी आणि एक वाळका उंदीर फुकट.

लाइल फोनवर म्हणाला, बरंच झालं.
तीन पेडलं बघून म्हातारा गोंधळेल,
पहाटे तीनला गाडी काढून नदीवर जाणार नाही.
लाइल स्पोकेनला राहतो. तिथून सगळं बरंच दिसतं.
मी हो म्हणाले.
हे लिहून ठेवते: मी हो म्हणाले.

सात शनिवार.
सीटवर पाय, पेडलांच्या जागी डोकं,
तोंडात स्क्रू, डोळ्यात गंज.
इंजिनामागच्या पत्र्यावर कारखान्याने
क्लचच्या भोकाची खूण आधीच उठवून ठेवलेली,
गालिच्याखाली, सव्वीस वर्षं.
मी फक्त ड्रिल टेकवलं.

बाबा उलट्या बादलीवर बसून टॉर्च धरायचे.
उजेड बाबांची नजर जाईल तिकडे जायचा:
कॅलेंडर, करवत, छतातलं पाकोळीचं घरटं.
"इकडे बाबा, इकडे."
"हो कारिन," म्हणायचे. कारिन त्यांची बहीण.
एकोणीसशे एकसष्टमध्ये बर्फाखाली गेली.
मी दुरुस्त करायचं सोडलं होतं;
कारिन तर कारिन, उजेड मिळाल्याशी कारण.

सहाव्या शनिवारी रात्री अकराला
जॅकवर पट्ट्याने बांधलेला गिअरबॉक्स
तासभर घोडं पेंड खात राहून
अचानक टक्कन आत बसला.
मी जमिनीवर पडून रडले, थोडंसं, थकव्याने.
तेव्हा बादलीवरून आवाज आला,
स्वच्छ, पूर्ण वाक्यात:
"क्रँकच्या टोकातलं छोटं बेअरिंग बसवलंस का?"

नव्हतं बसवलं.
आकसून नीट बसावं म्हणून मीच ते
फ्रीझरमध्ये ठेवलेलं, वाटाण्यांच्या मागे.
एकतीस वर्षं हा माणूस एव्हरीच्या घाटातून
ओंडक्यांचे ट्रक उतरवत होता, आणि मी
त्याला कुलूप म्हणून क्लच लावत होते.

"आणा ना," मी म्हणाले.
बाबा गेले. बऱ्याच वेळाने आले.
हातात वाटाण्यांची पिशवी.

सगळं पुन्हा खाली उतरवलं.

सातव्या शनिवारी मी वायरीचं शेवटचं टोक जोडून
वर बघते तर बाबा स्टिअरिंगमागे.
डावा पाय खाली. मूठ पुढे.
एक हिसका नाही, गाडी दुधासारखी सरकली,
पत्रपेटीपर्यंत गेली, वळणाशी थांबली
आणि तिथेच उभी राहिली, इंजिन चालू.
मी धावत जाऊन शेजारी बसले.
"आता कुठे?" त्यांनी विचारलं.
मला सुचलं नाही.
मका पिवळा पडलेला. आम्ही बराच वेळ न्यूट्रलमध्ये होतो.

लाइलला कळवलं: झालं, चालते.
रात्री बॅटरीची वायर काढून ठेवली.

सकाळी वायर जोडलेली होती, घट्ट.
गाडी जागची हललेली नव्हती.
बॉनेटवर दहा नंबरचा पाना, पुसून ठेवलेला,
जो मला तिसऱ्या शनिवारपासून सापडत नव्हता.