चालू रीडिंग

दिवसाला दीडशे फोटो काढतो मी,
दीडशेच्या दीडशे मीटरचे.
खणभाग, गावभाग, हरिपूर रोडच्या गल्ल्या,
जिन्याखाली, चपलांच्या मांडणीमागे,
कुणाच्या तर न्हाणीच्या भिंतीला.
आकडे दिसले म्हणजे बास.
धूसर आला की अ‍ॅप परत पाठवतं.

आणि सुप्रभा म्हणते,
अण्णा, रोज एकच फोटो. तीस दिवस.
शब्द मी कळवीन.
तुम्ही तिथला काढा, मी नागपूरचा.
होस्टेलात करमत नाही, हे ती बोलली नाही.
मीही विचारलं नाही.

पहिला शब्द आला, पिवळं.
सांगलीत हा काय शब्द झाला?
यार्डात हळदीचे सौदे चाललेले,
हमालांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या.
मी काढला चहाचा रिकामा ग्लास,
त्यावर कुणाची तरी चार बोटं उमटलेली.
तिनं पाठवली खिडकीत वाळणारी संत्र्याची साल.
हे केशरी झालं, म्हटलं.
इथं एवढंच आहे अण्णा, म्हणाली.

चौथ्या दिवशी, आवाज.
आता आवाजाचा फोटो कसा काढायचा?
विश्रामबागेतलं एक कुत्रं अकरा वर्षं माझ्यावर भुंकतंय,
फाटकाच्या गजांतून त्याच्या जबड्याचा काढला.
ही म्हणाली, आवाज म्हणजे तुमचं घोरणं,
त्याचा काढते मी.
काढलाही. पाठवलाही.
तिकडं सगळ्या मजल्यानं बघितला म्हणे.

उंची हा शब्द आला तेव्हा
मी कुरणे मावशींच्या दारात होतो.
महापुरानंतर त्यांनी मीटर वर घेतलाय,
भिंतीवर ऑइलपेंटची रेघ, माझ्या खांद्याच्या वर.
दर महिन्याला त्या आतून स्टूल आणतात,
पदरानं पुसतात, मग म्हणतात, चढा.
मी रेघेचा काढणार होतो.
स्टुलाचा काढला.

चौदाव्या दिवशी काही झालं नाही.
गाडी पंक्चर, सर्व्हर बंद, ऊन असं
की मोबाईलच तापून गप्प बसला.
रात्री साडेअकराला आठवलं, शब्द होता, घर.
उठायचा कंटाळा, दिवा लावला तर ही जागी होणार.
पडल्या पडल्या अंधाराचाच काढला.
तिनं विचारलं नाही हे काय म्हणून.
थोड्या वेळानं तिच्याकडचा अंधार आला.
दोन्ही जवळजवळ सारखेच,
तिच्याकडं पंख्याचं लाल बटण तेवढं पेटलेलं.

हल्ली राऊंड लांबतो माझा.
शिकलगार साहेबांचा फोन येतो,
मगदूम, दुपार झाली, अजून साठच?
काय सांगू त्यांना,
की एका कौलावर सांडगे वाळत होते
आणि एक चिमणी त्यातला नेमका मोठा निवडत होती?
नेटवर्क नाही साहेब, म्हणतो.

सव्विसाव्या दिवशीचा शब्द, तुम्ही.
माझा मी कसला काढू?
लग्नानंतर फोटोला उभा राहिलो ते आधार कार्डालाच.
दिवसभर टाळला,
आणि घाईत चुकून गेला तिला
हरिपूर रोडचा एक मीटर,
चार आठ एक सात, युनिट.
पुसणार तेवढ्यात उत्तर आलं,
अण्णा, काचेत बघा.

काचेत टोपी होती.
कानावर पेन्सिल, मिशीची एक बाजू,
मागं लिंबाची फांदी,
आणि आठच्या पोटात एक डोळा, बारीक केलेला.

अकरा वर्षं, दिवसाला दीडशे.
म्हणजे कंपनीला मी रोज
आकड्यांमागं उभा राहून माझाच पाठवत होतो
आणि अस्पष्ट म्हणून
मला कुणी परत पाठवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शब्द आला, बंद.
त्याची तर माझ्याकडं यादीच आहे,
दार बंद, ग्राहक परगावी, कुलपं सतरा प्रकारची.
सकाळी तिच्या कपाटासमोर उभा राहिलो.
मोबाईल वर धरला.
खाली घेतला.
परसातल्या नळाचा काढून पाठवला.

नळ ठिबकतोय,
हे नागपूरहून तिनंच सांगितलं.