चावी

धरणगावच्या जिनिंगमध्ये
तीन नंबरच्या शाफ्टची चावी
दर आठ-दहा दिवसांनी तुटायची.
पुली फिरत राहायची, शाफ्ट उभा,
पट्टा चालू, रोलर गप्प,
आणि कापूस तोंडाशी येऊन थांबायचा
वाढपी गायब झालेल्या पंगतीसारखा.

जिनात विडी पेटवायला बंदी,
म्हणून झिपरू मिस्त्रींच्या कानावर
कायम एक कोरी विडी.
हातोडी, छिन्नी, वीस मिनिटं.
तुटलेले दोन तुकडे डालड्याच्या जुन्या डब्यात.
टण्ण.
नवी चावी कानस मारून आत:
साधं नरम पोलाद, चौदा बाय नऊ, लांबी सत्तर.
कापसात कधी खडा येतो, कधी ओली गाठ,
रोलर अडतो.
एवढंच ते सांगायचे, विचारलं तर.

मी डिप्लोमा झालेली.
शाफ्ट, चाव्या, कपलिंग: प्रकरण तिसरं,
पंचवीसपैकी बावीस.
काबराशेठ म्हणाले, मॅडम,
दर आठवड्याला वीस मिनिटं, वर्षाची किती?
मी गुणाकार केला.
जळगावहून कडक पोलाद आणलं, पाणी दिलेलं,
घासताना कानस घसरावी असं.
मिस्त्रींनी त्या चावीवर नखाने टिचकी मारली,
कान लावून ऐकलं,
आणि डबा पायाने फळीखाली सरकवला.

एकवीस दिवस.
भरीत आणि कळण्याच्या पुऱ्यांच्या पार्टीत
शेठनी माझं नाव घेतलं.
मी पुरी हातात धरून हसले.

बाविसाव्या रात्री आवाज आला.
चावीचा नव्हे; तो मला पाठ होता,
अडकित्त्यात सुपारी फुटते तेवढाच.
हा पायाखालून आला,
चपलेतून गुडघ्यात.

चावी शाबूत होती.
शाफ्टचे दोन तुकडे.

मिस्त्रींनी बॅटरी धरली.
तुटलेल्या तोंडावर रेषा,
गिरणेचं पाणी हटताना वाळूवर ठेवून जातं तशा,
एकीच्या पोटात दुसरी,
साऱ्या एकाच जागेतून निघालेल्या:
चावीगाळ्याचा आतला कोपरा,
मीच खरवडून, नीट काटकोनात केलेला.
परीक्षेत मी याला थकवा म्हणाले होते,
व्याख्या, आलेख, दोन उदाहरणं.
तो असा असतो हे माहीत नव्हतं.
वाकत नाही, कुरकुरत नाही,
दर खड्याला केसाएवढं सोडून देतं लोखंड
आणि वरून ग्रीस तसंच चकाकतं.
खडे तर येतच होते ना.
धक्का कुठेतरी जाणारच होता.

"लोखंडले कोपरा आवडस नही, माय,"
मिस्त्री म्हणाले. मग बऱ्याच वेळाने,
"कोन्हले तरी तुटनं पडस.
जे सस्तं, ते पहिले तुटाले जोयजे."

चार दिवस जिन बंद.
कापसाचे ट्रॅक्टर एरंडोल रस्त्यापर्यंत.
शेठ माझ्याशी बोलत नव्हते, बोलले असते तर बरं.
दुसऱ्या दुपारी मी डबा ओढला
आणि गोणपाटावर उपडा केला.
जोड्या लावत बसले.
एकसष्ट चाव्या,
सगळ्या एकाच रेषेत कापलेल्या,
जिथे पुली संपते आणि शाफ्ट सुरू होतो.
अकरा हंगामांच्या.
शाफ्टचा एकही तुकडा त्यात नव्हता.

नव्या शाफ्टच्या गाळ्याला
मी आतून अर्ध्या मिलीमीटरची गोलाई दिली.
मोजायला गेज नव्हतं.
मिस्त्रींनी करंगळीचं नख फिरवून पाहिलं,
अजून थोडं, म्हणाले,
मी अजून थोडं घासलं.
चावी नरम. कानस तिच्यात लोण्यासारखी गेली.

अकराव्या दिवशी, चहाच्या वेळी,
सुपारी फुटली.
शेठनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
मिस्त्री उठायच्या आत मी उठले,
हातोडी, छिन्नी.
तुकडे अजून गरम होते.
टण्ण.